शेवंतीचा उतार

आज मार्गशीर्षातला गुरुवार. सूनबाईने घटासाठी आणलेल्या शेवंतीचा कडवट वास बोटांना लागला आणि मी पेणजवळच्या आमच्या उतारावर जाऊन पोचलो.

वाटणीत दादाने भाताचं पाणथळ खाचर स्वतःकडे ठेवलं आणि मला दगडाळ उतार दिला. तो राग अजून आहे. मी तिथे शेवंती लावली. ती फसली असती, तर जमीन सोडून रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जावं लागलं असतं. रोपं वीतभर झाल्यावर मी शेंडे खुडू लागलो, तसा दादा बांधावरून ओरडला, "अरे, फुलायच्या आधीच मुंडकी मोडतोस? येडा हायस काय?"

"गप ऱ्हा! फांद्या फुटतील. मार्गशीर्षात ये बघायला!" मी तावातावाने म्हणालो.

तो आला. उतार पिवळाधमक झाला होता. पेणच्या फुलवाल्याशी भांडून मी मनासारखा दर नुकताच पदरात पाडून घेतला होता. दादाने वाकून एका झाडाच्या फांद्या मोजल्या. मग हळूच म्हणाला, "माझ्या खाचरात होईल काय रे?"

"नाय दादा. पाणी साचलं की मुळं कुजतात. शेवंतीला उतारच लागतो."

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्याशी आवाज न चढवता बोललो. गरजच नव्हती.