खालच्या मजल्यावरची कॉफी

माझ्या चहाला सवत आली ती एका मोठ्या खोक्यातून, आणि ते खोकं वर न येता खालच्याच मजल्यावर उतरलं. आमचं नागपूरच्या प्रताप नगरमधलं घर दोन मजली. खाली दीर, धाकटी जाऊ आणि सासरे, वर आम्ही. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. जाऊ पुण्याची, ती बाबा म्हणते. ती घरूनच लॅपटॉपवर नोकरी करते आणि त्या नोकरीला म्हणे कॉफी लागते. साधी नाही, एस्प्रेसो. त्याचंच हे मशीन होतं.

सासूबाई गेल्यापासून मामाजी रोज चारला जिना चढून माझ्याकडे चहाला यायचे. अद्रक ठेचून घातलेला, चांगला उकळलेला चहा. बशीत ओतून फुंकर मारता मारता ते मुलांना न सांगितलेल्या गोष्टी मला सांगायचे. सासूबाई शेवटच्या आजारात त्यांच्यावर कशावरून रुसल्या होत्या, हे त्यांच्या मुलांना अजून माहीत नाही. मला माहीत आहे. एवढ्या मोठ्या घरात माझी स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

मशीन आलं आणि मामाजी वर यायचे बंद झाले. जिन्याखाली भेटले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "गुडघे लय दुखून राहिले वं. नाई चढवत."

मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, कॉफी यायच्या आधी हे गुडघे कुठे होते? चार वाजले की खालून मशीनच्या पंपाची घुर्रघुर्र सुरू व्हायची, मागोमाग धाकटीचं हसणं. मामाजीही हसायचे. माझ्याकडे ते कधी हसले नव्हते, माझ्याकडे ते रडायचे. रडायला मी आणि हसायला ती, ही वाटणी मला मुळीच पटली नाही. मी चहात दुप्पट अद्रक घालायला लागले आणि वास खाली जावा म्हणून दार उघडं ठेवायला लागले. त्याने फक्त आमच्या ह्यांना ॲसिडिटी झाली.

खिडक्यांना कूलर लागले त्याच सुमारास मशीन बंद पडलं. कंपनीचा दुरुस्तीवाला नागपुरात नव्हता. पॅक करून मुंबईला पाठवा, परत यायला वेळ लागेल, असं त्यांनी धाकटीला फोनवर सांगितलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या दिवशी दोन कपांचा चहा टाकला, चांगली कपबशी काढली, दार उघडलं.

मामाजी आले नाहीत.

मी वाकून पाहिलं तर ते खाली धाकटीच्या टेबलाशी बसून नुसती बिस्किटं खात होते. म्हणजे कॉफीही निमित्तच. माणूसच तिकडचा झाला होता. दोन कप चहा मी एकटीने प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून शिकवून आले तेव्हा धाकटी जिन्यात उभी होती. "ताई, बाबा म्हणतात मशीनचं तुम्हाला जमेल. बघाल का?"

मला जमतं हे खरं आहे. माझ्या वडिलांचं सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारी पुन्हा तार गुंडाळून चालू करायचं दुकान होतं. लग्नानंतर या घरातल्या कूलरचे पंप दर उन्हाळ्यात मीच खोलते. पण शत्रूच्या घोड्याला नाल ठोकायला मलाच बोलावतात, याचा राग आला. तरी गेले. खाली काय चालतं ते जवळून बघायचंही होतं.

मामाजी आधीच खुर्ची ओढून बसले होते. धाकटीचं म्हणणं, कॉफी फार बारीक दळली गेली म्हणून अडकत असेल. मी कॉफी भरायचा होल्डर रिकामा करून बटण दाबलं. पंप घुरघुरला, पण वरच्या जाळीतून पाणी थेंबथेंबच आलं. म्हणजे कॉफीचा दोष नाही. मागची टाकी काढून पुन्हा नीट बसवली, तरी तेच. मग बाजूच्या वाफेच्या नळीखाली पेला धरून तिच्या चावीचा कान पिळला. फर्रकन गरम पाणी आलं.

म्हणजे पंप ठणठणीत होता. अडलं होतं ते पुढे, जाळीपाशी.

हे फक्त मला कळलं होतं. 'पंप जळला' एवढे दोन शब्द म्हटले असते की खोकं मुंबईला. शब्द ओठांवर आलेही होते. पण चालत्या मोटारीला जळली म्हणणाऱ्या माणसाला माझ्या बापाने दुकानाची पायरी चढू दिली नसती. मी प्लग काढला, मशीन निवू दिलं आणि जाळीचा स्क्रू काढला.

जाळी हातात आली आणि मी ती लगेच ओळखली. आत क्षारांचा पांढरा, टणक थर. कूलरच्या पंपावर दर उन्हाळ्यात मी खरवडते तोच.

"यात बोरचं पाणी कोण टाकून राहिलं?"

"बाबाच भरतात टाकी," धाकटी म्हणाली. "रोज सकाळी. मला हातसुद्धा लावू देत नाहीत." हे सांगताना तिच्या आवाजात थोडा तोरा होता, आणि तो मला बरोबर लागला.

मामाजी म्हणाले, "मीच टाकतो. कूलरमंदी टाकतो, तसं याच्यातबी टाकतो. काहून, चालत नाई?"

"पण बाबा, नळाचं पाणी येतं ना सकाळी?"

"नळ येते तासभर. उन्हाळ्यात धारबी बारीक, वर चढत नाई. एक कॅन भरते चांगल्या पाण्याचा, तो वर लागते ना." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या चहाले. बोरच्या पाण्यानं चहा नासते."

माझ्या स्वयंपाकघरातला कॅन. मी सकाळच्या शाळेला जाते तेव्हा तो रिकामा असतो, येते तेव्हा भरलेला. आमचे हे भरून आणतात असं मी धरून चालले होते. एकदोनदा त्याबद्दल त्यांना शाबासकीही दिली होती, आणि त्यांनी ती निमूट ठेवून घेतली होती.

"कॅन तुम्ही आणता? आणि गुडघे?"

"म्हणून तं. जिना आता दिवसातून एकदाच चढवते मले. तो सकाळी कॅन घेऊन चढतो. मंग चार वाजता पाय नाई म्हणते."

मला काय वाटलं ते सांगते. आधी रडू आलं. आणि रडू पुरतं यायच्या आत मी धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. तिच्या महागाच्या मशीनला कूलरचं पाणी, आणि वरच्या पातेल्याला नळाचं! ती नजर मी ओळखत होते. इतके दिवस माझ्याच डोळ्यांत होती. मला फार बरं वाटलं.

पण धाकटी हुशार. क्षणात सावरली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबा, उद्यापासून कॅन वर मी नेऊन ठेवेन. तुम्ही जिना चढायचाच नाही."

बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. हे मी म्हणायला हवं होतं, पण मी म्हटलं नव्हतं, कारण तो एक जिना माझा होता. तिने तो काढून घेतला, आणि शिवाय मलाच "हो ना, खरंच" म्हणावं लागलं.

मी जाळी लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात टाकली. थर सुटला. तेच पातळ करून टाकीतून फिरवलं, मग नळाच्या पाण्याने दोनदा धुऊन काढलं. चारच्या आधी मशीनमधून सरळ, जाड धार आली. धाकटीने टाळ्या वाजवल्या. मी वर गेले, चहाचं पातेलं, अद्रक आणि चांगली कपबशी घेतली आणि खाली आले. तिच्याच ओट्यावर, मशीनच्या शेजारी, तिच्याच गॅसवर चहा टाकला. "गॅस वापरते हं," म्हटलं. तिला "वापरा ना" म्हणावंच लागलं.

मामाजींसमोर कॉफीचा इवलासा कप आला आणि माझी कपबशी आली. आम्ही दोघी ओटा पुसत राहिलो, पुसण्यासारखं काही नसताना. त्यांनी आधी कॉफी उचलली. दोन घोटांत ती संपली. मग त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ते कॉफी आली का गेली. चहा कसा, बसू देते माणसाले."

आणि बसले चांगले पाच वाजेपर्यंत. मी शेजारीच होते.

दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन खाली उतरले, तर धाकटीने कॉफीत भरपूर दूध घालून मामाजींसाठी घरातला सगळ्यात मोठा मग काठोकाठ भरला होता, चांगला तासभर पुरेल असा.