शेंगीला जाग येईपर्यंत

आमच्या गावची शाळा एका खोलीची. अळणावर गावाच्या पलीकडं, सागाच्या झाडीत. पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच तरटावर. गुरुजी चहाला गेले की कोण दंगा करतंय ते बघायचं काम माझ्याकडं असायचं, आणि ते परतले की मी हात बांधून सांगायचो, "कुणीच नाही, गुरुजी." एकदा दुसरीच्या रांगेतून एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "तुकाराम खोटं बोलतोय." पाच छड्या बसल्या. ती गोदावरी. आज माझी नातवंडं माझ्या खांद्याला लागलीत, पण ती गोष्ट सांगताना मी अजून तळहात चोळतो.

या गोदावरीला लहानपणी कुत्रं चावलं होतं. त्या काळी पोटात चौदा सुया घ्यायला लागायच्या. पुढं कितीतरी वर्षं कुत्रं दिसलं की ती रस्ता बदलायची. तीच बाई गेली अकरा वर्षं हुबळीत कुत्र्यांच्या उशाशी बसते, हे मी आमच्या मळमड्डी भागातल्या मंडळींना सांगितलं तर त्यांना ती माझी नेहमीची थाप वाटली.

झालं असं की नवरा गेल्यावर ती एका केंद्रात झाडलोटीला लागली. रस्त्यावरची कुत्री आणून त्यांची पिल्लं बंद करायचं ऑपरेशन करायचं, बरं झालं की ज्या गल्लीतलं त्या गल्लीत सोडायचं, असं ते केंद्र. तिथल्या डॉक्टर शुभांगीबाईंनी एक दिवस तिला सांगितलं, "अक्का, भूल उतरेपर्यंत जरा यांच्याजवळ बसा." ती झाडू पुढं धरून बसली. दुसऱ्या दिवशी परत बसली. तिसऱ्या महिन्यात झाडू दुसरीकडं गेला आणि हेच तिचं काम झालं.

मला एकदा तिनं समजावलं होतं. म्हणाली, "भूल चढते ती एकदम, तुक्या. उतरते ती जत्रेहून परतणाऱ्या गाड्यांसारखी. एक आली, मग किती वेळानं दुसरी. आधी जीभ आत जाते. मग कान, मग पापणी, मग मान, मग पाय. माणसाची ओळख सगळ्यात शेवटची गाडी. ती येईपर्यंत कुत्रं धन्यालासुद्धा फाडतं." आणि डाव्या मनगटावरचा वण दाखवला. एका अगदी गरीब कुत्रीनं जागं होता होता तो घास घेतला होता, आणि तासाभरानं तीच कुत्री त्या पट्टीला चाटत बसली होती.

आता गेल्या फेब्रुवारीतलं ऐका. मी बिजागऱ्या घ्यायला हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात गेलो होतो. सकाळचे दहा, गिऱ्हाईक अजून तुरळक. वादिराज शेट्टींच्या लोखंडाच्या दुकानात बिजागऱ्या मोजून हातात आल्या, तोच शेजारच्या बोळातून असा आवाज आला की शेट्टींनी तराजूखालची कांब उचलली. मीही मागोमाग गेलो. माझी खोडच ती.

बोळ पुढं बंद होता. शेवटी गोण्यांच्या थप्पीला लागून एक तांबूस कुत्री पडली होती. डोळे सताड उघडे, नजर कुठंच नाही. तोंडातून लाळेची तार. मान घड्याळाच्या लंबकासारखी डुलत होती आणि मधूनच ती रडल्यासारखी केकाटत होती. ही शेंगी. शेंगांच्या पोत्यात सापडली म्हणून शेंगी. हमाल आनंदाच्या हातगाडीखाली ती झोपायची. आनंदा माल घेऊन स्टेशनला गेला होता.

"पिसाळली," कुणीतरी म्हणालं. पुढचं बोलायची गरज नव्हती. महिन्यापूर्वीच मागच्या गल्लीत एका पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बघता बघता पंधरावीस माणसं आणि तेवढ्याच काठ्या जमल्या.

तेवढ्यात गर्दीतून गोदावरी घुसली. तिच्यामागं केंद्राचा कुत्री धरणारा रोहित, चेहरा पांढरा पडलेला. "अक्का, सुई बसली आणि मध्येच भाजीची गाडी आली. जाळं पडलंच नाही. पळाली ती पळालीच."

"जाळं आण. पळ."

"आपली गाडी पार तिकडं टोकाला..."

"मग बोलतोस कशाला?"

रोहित पळाला. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, दोन शब्द बोलली, आणि शेट्टींकडं वळली. "भूल हाय ही. अर्ध्या तासात उतरेल. कुणी हात लावू नका, आवाज करू नका."

शेट्टी काही वाईट माणूस नव्हे. पण ते म्हणाले ते मलाही पटलं. "अक्का, भूल दिलेलं जनावर झोपतं. हे डोळे उघडून ओरडतंय. आणि सुई मारायच्या आधीच पिसाळलं नव्हतं कशावरून?"

"ह्या औषधात डोळे उघडेच राहतात."

"बरं. मग नीर कोडरी. पाणी ठेवा पुढ्यात. प्यालं तर तुमचं खरं."

"पाणी नाही द्यायचं. तिला आत्ता गिळता येत नाही, पाणी छातीत जाईल. मरेल ती."

"बघा," मागून एकजण म्हणाला, "पाण्याचं नाव काढलं की ही अक्काच मागं सरते."

शेट्टींनी कांब सरळ धरली. "अक्का, बाजूला व्हा."

तेव्हा तिनं जे केलं ते मी कुणालाही करू देणार नाही. ती कुत्रीपासून तीन हातांवर, कुत्रीकडं पाठ करून, तोंड माणसांकडं करून, खाली बसली. "पिसाळली असेल तर आधी मला चावेल. तुम्ही बघा."

जागं होणारं शहाणं कुत्रंही चावतं, हे तिथं दोघांनाच माहीत होतं. तिला आणि मला.

"तुक्या, तिथं काय उभारलास? गोणपाट घे, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नको. आणि मला सांगत जा. जीभ कुठंय?"

मी बिजागऱ्या पायरीवर ठेवल्या आणि भिंतीला चिकटून गोणपाट धरलं. "बाहेर. लोंबतेय."

"गोणपाट हलू देऊ नको, तिला सावली हलताना दिसते. बघत राहा."

पाच मिनिटं गेली असतील. कुणीतरी खोकलं तर शेंगी विव्हळली. मग जीभ हळूच आत गेली. "गेली आत," मी म्हणालो. "कान हलतोय. डावा."

"पापणी?"

"नाही. हां, लवली. गोदे, दात दिसतायत."

"दिसू देत."

शेंगी उठली. म्हणजे पुढचे पाय उठले, मागचे राहिले. तशीच फरफटत ती पुढं आली. दोन हात. एक हात. घशात गुरगुर. शेट्टींची कांब खांद्यावर गेली. गोदावरी हललीही नाही, पण तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. ती ओठ न हलवता म्हणाली, "कुठंय ती?"

शेंगीचं नाक तिच्या पाठीला टेकलं होतं. दात तसेच. गोदावरी जराशी दचकली असती तरी संपलं होतं, तिचंही आणि शेंगीचंही.

"दोन हात लांब," मी म्हणालो. "तिथंच बसलीय."

"बरं," ती म्हणाली आणि श्वास सोडला.

किती वेळ गेला देव जाणे. आणि मग रस्त्यावरून लोखंडी चाकांचा खडखडाट आला, आणि हमालाची हाळी, "सर्री, सर्री, बाजूला व्हा." शेंगीचे दोन्ही कान एकदम तिकडं वळले. गुरगुर थांबली. ओठ दातांवर आला. शेपटी जमिनीवर एकदा आपटली, मग थांबून परत एकदा.

आनंदा गर्दीतून आत आला तो तांब्या घेऊनच. "शेंगी, काय केलं गं तुला?"

"तांब्या खाली ठेव," गोदावरी म्हणाली. "तुक्या, गळा बघ. गिळतेय का?"

गळा वरखाली झाला. मी सांगितलं. तेव्हा कुठं तिनं पदराचं टोक भिजवून आनंदाकडं दिलं. शेंगीनं ते चाटलं. मग आनंदाची बोटं. मग तांब्यातलं पाणी, चपचप, सगळ्या बोळाला ऐकू येईल असं.

शेट्टी कांब पाठीमागं धरून निघून गेले. नंतर डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा त्यांनी शेट्टींना सांगितलं की पाणी पिणं हीसुद्धा काही खात्री नव्हे, दहा दिवस कुत्री केंद्रात नजरेखाली ठेवू. ठेवली. काही निघालं नाही. परत आल्यावर पहिली रात्र ती आनंदाच्या गाडीपासून लांब झोपली म्हणून तो बापडा हिरमुसला होता. दुसऱ्या दिवशी गाडीखाली.

पण मी त्या सकाळचं सांगत होतो. गर्दी पांगल्यावर गोदावरी भिंत धरून उठली. गुडघे धरले होते. पाठ चोळायला हात मागं नेला आणि तो तसाच पुढं आणून बघत राहिली. बोटांना लाळ लागली होती. पोलक्यावर तळहाताएवढा ओला डाग होता.

"दोन हात लांब," ती म्हणाली.

मी बिजागऱ्या शोधू लागलो.

"शाळेतसुद्धा असंच बोलायचास."

मी हात पुढं केला, तळहात वर करून. तिनं त्यावर एक चापट मारली, हलकीच, आणि शेंगीला केंद्राच्या गाडीत घालायला, बोळाच्या तोंडाशी जाळं घेऊन उभ्या असलेल्या रोहितला हाक मारली.