हुंकारा

हातात पुस्तक असलं की मी पन्नास मुलांनाही घाबरत नाही. पुस्तक काढून घेतलं की मात्र एका मुलापुढेही मला पुढचं वाक्य सुचत नाही. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात समोरच्या बाईंनी "अब किताब बंद, कहानी आँखों में देखकर सुनाइए" म्हटलं, तेव्हा बाकीच्या हसल्या आणि मी घड्याळ बघू लागले.

घमापुरातल्या एका खाजगी हिंदी शाळेत मी पहिलीला शिकवत होते, तेही हंगामी. प्रशिक्षणानंतर बड़ी मैडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं. प्रत्येकीने आपल्या वर्गात पुस्तकाशिवाय गोष्ट सांगायची. त्या मागे बसून ऐकणार आणि त्यावरून कोणाला कायम करायचं ते ठरवणार. मला नोकरी हवी होतीच. पण त्याहून जास्त मला तो वर्ग हवा होता, तीच शेंबडी, भांडकुदळ पोरं हवी होती. नोकरी गेली असती तर ती पोरं दुसऱ्या बाईंच्या हाती गेली असती.

मी गोष्ट तयार केली, म्हणजे चक्क पाठ केली. तिलवाऱ्याच्या पुलावर ट्रकमधून एक बकरी उडी मारते आणि नर्मदा बघत उभी राहते, जागची हलतच नाही, अशी ती गोष्ट. मनात मराठीत यायची आणि तोंडातून हिंदीत काढताना मध्येच सांडायची. कणीक मळताना म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. भाजीत मीठ दोनदा पडलं. फॅक्टरीतून आलेल्या नवऱ्याला मी समोर बसवलं. त्याने मटार सोलत सगळं ऐकून घेतलं.

"तू गोष्ट सांगून राहिली का हजेरी घेऊन राहिली?"

"काहून? चुकलं का काही?"

"काहीच नाही चुकलं, तेच तर! जरा श्वास घे ना मधात."

मी चिडले. श्वास घेतला की पुढचं वाक्य निसटत होतं, ते त्याला काय कळणार!

त्या दिवशी बड़ी मैडम वर्गात मागे ठेवलेल्या बाकावर येऊन बसल्या. मी सुरुवात केली, "एक थी बकरी."

"हूं," पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

मी दचकले. पुढचं वाक्य म्हटलं, तर तीन-चार जणांनी "हूं" केलं. त्याच्या पुढच्याला अख्ख्या वर्गाने, मोठ्याने, मान हलवत. आमच्या घरी गोष्ट चालू असताना कोणी आवाज केला तर पाठीत धपाटा बसायचा. मला वाटलं, वर्ग हातातून गेला आणि तोही बड़ी मैडमच्या देखत. मी ओरडले, "चुप! सब मुँह पर उँगली!"

सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. उरलेली गोष्ट मी टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत घडाघडा म्हणून टाकली. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलं नाही. गोष्ट संपली. गेली नोकरी, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

बड़ी मैडम उठल्या. "कितना अनुशासन है आपकी क्लास में!" त्या म्हणाल्या. आठवड्याभरात मला कायम केल्याचं सांगण्यात आलं. मी पेढे वाटले.

पेढा घेताना शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेला मी हसत हसत तो प्रसंग सांगितला. ती मूळची इथलीच, बुंदेली घरातली. तिने पेढा हातातच धरला.

"अरे दीदी, वो शोर थोड़े ही था. बच्चे हुंकारा दे रहे थे. हमारे यहाँ कहानी ऐसे ही सुनते हैं. हुंकारा नहीं आया तो दादी समझ जाती थी कि हम सो गए, और कहानी वहीं रोक देती थी."

माझा चेहराच उतरला. मुलांना गोष्टीत सामील करून घ्यायचा प्रशिक्षणात एवढा आटापिटा चालला होता, ते सामील होणं ही पोरं घरूनच शिकून आली होती, आणि मी ते दटावून बंद केलं होतं. बक्षीसही मला त्याचंच मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दार लोटून घेतलं. खुर्ची सोडून मुलांमध्ये सतरंजीवर बसले. मागे ऐकायला कोणी नव्हतं, तरी त्या बाकाकडे एकदा पाहून घेतलं. "आज नई कहानी," मी म्हटलं. "एक था बंदर."

थांबले. वाट पाहिली. झाडून सगळ्यांची बोटं ओठांवर होती.

"हूं बोलो न, बेटा," मी म्हटलं. "मैडम नाराज़ नहीं होगी. सच्ची."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. पहिलं "हूं" जिने दिलं होतं, तिच्याकडे मी आशेने पाहिलं. तिने घाबरून दुसरा हातही तोंडावर ठेवला.