पुलावरची राखण

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या त्या माणसाला त्याचा थोरला भाऊ ‘कासव’ म्हणायचा. हातातलं काम असो की संगणकावरचा खेळ, गडी कधी घाई करायचा नाही.

खेळ तलवारींचा आणि जंगलांचा. हजारो लोक आपापल्या घरून एकाच वेळी खेळायचे. सुरुवातीच्या त्या दिवसांत कुणालाच वाट ठाऊक नव्हती, चुकण्यातच मजा होती. दादा नोकरीसाठी परगावी, कासव आईजवळ. दोघांची भेट खेळातल्या लाकडी पुलावर. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं. आईने स्वयंपाकघरात रिसीव्हर उचलला की कनेक्शन तुटलंच, आणि कासवाचा योद्धा पुलावर खांबासारखा उभा. लांडग्यांना आयतीच मेजवानी. म्हणून दादा आपल्या योद्ध्याला शेजारी मांडी घालून बसवायचा आणि राखण करायचा. मावशीशी आईच्या गप्पा काही लवकर आटपायच्या नाहीत. कासव परतला की पडद्यावर दादाची ओळ उमटायची, ‘झालं का आईचं बोलून?’

पुढे आईला विसर पडू लागला. गॅस पेटता ठेवून ती रस्त्यावर जायची. घरी तिला सांभाळता सांभाळता कासव आणि त्याची बायको दोघंही टेकीला आले, तेव्हा त्याने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. शेवटी ती तिथेच वारली. स्मशानातून परतताना दादा एवढंच म्हणाला, “तुला ती जड झाली.” त्यानंतर भावाभावांत बोलणं उरलं नाही.

बऱ्याच वर्षांनी खेळाच्या कंपनीने तो जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा सुरू करायचं ठरवलं, तेव्हा कासवाच्या मनाने घेतलं की दादा येणार आणि पुलावरच येणार. काचा घासताना तो दादाला काय सांगायचं ते मनाशी घोळवत राहिला.

रविवारी दुपारी तो पुलावर जाऊन उभा राहिला. लोक शेजारून धावत सुटले होते. आता सगळ्यांना सगळं पाठ. मग दादाच्या जुन्याच नावाचा एक योद्धा आला आणि समोर थांबला. कासवाची बोटं कळफलकावर थिजली. घोळवलेलं सगळं पार पुसून गेलं.

थोडा वेळ गेला आणि दादाच्या योद्ध्याने शेजारी मांडी घातली.

कासवाच्या लक्षात आलं. आपलं कनेक्शन तुटलंय असं त्याला वाटतंय. म्हणजे आपण हललो नाही, तोवर तो जाणार नाही. लांडगा आला, दादा उठला, त्याला लोळवून पुन्हा बसला.

“अहो, पन्नाशी उलटली तुमची,” चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, “आणि हे काय, नुसते पुतळे बघत बसलाय?”

कपबशीचा धक्का माउसला लागला. कासवाचा योद्धा गर्रकन वळला.

पडद्यावर ओळ उमटली, ‘झालं का आईचं बोलून?’

दादाची बोटं सवयीने चालून गेली असणार. कारण त्यानंतर तिकडून काहीच येईना. दादाचा योद्धा उठला, दोन पावलं जाऊन पाठमोरा थांबला.

कासवाने लिहिलं, ‘नाही रे दादा. रोज बोलते. थांबतच नाही.’

बराच वेळ पाठच दिसत राहिली. मग दादाचा योद्धा होता तिथेच, दोन पावलांवर, खाली बसला. तोंड मात्र त्याने वळवलं नाही.