अब्बांनी अंगावर घेतलेली चोरी

माझे अब्बा, फकीर पारखी, नंदुरबारच्या मिरची बाजारात माल पारखायचे. पथारीवर वाळत घातलेली मिरची मुठीत दाबली, की आतून ओली आहे का ते त्यांना कळायचं. हे काम ते नव्या माणसांना गोष्टी सांगून शिकवत. गोष्ट ऐन रंगात आली की थांबत आणि एकेकाला विचारत, “आते सांग, तू काय करतास?” सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय शेवट सांगत नसत.

गोष्टी सगळ्या बाजारात घडलेल्या लबाडीच्या. पण चोराचं नाव घ्यायचं नाही, हा अब्बांचा नेम. “माणूस सुधरी गया, आते त्यानी आबरू कशाले काढू?” म्हणायचे आणि चोरी स्वतःच्या अंगावर घ्यायचे. “मी वजन वाढाडाले मिरचीवर पानी मारं,” अशी गोष्ट सुरू व्हायची! अम्मी कपाळाला हात लावायची. मी तर भांडायचे. पण ऐकतात कुठले!

ही पाण्याची चोरी खरी बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याची, इंदरमल शेठची; घरात हे अम्मीला आणि मला ठाऊक होतं. तरुणपणी केली, अब्बांनी पकडली, त्याने पाय धरले म्हणून पोटात ठेवली. पुढे त्याच शेठने आपला मुलगा मदनलाल अब्बांच्या हाताखाली शिकायला दिला. मदनलालचं उत्तर बरोबर आलं, की अब्बा घरी येऊनही त्याचंच कौतुक करायचे. मला मेलीला कधी तेवढं कौतुक मिळालं नाही.

एका हिवाळ्यात सुरतेला गेलेला माल बुरशी लागून परत आला. अब्बांनी कोरडी म्हणून सोडलेल्या मिरचीवर मदनलालने मागाहून पाणी मारलं होतं. हमालांनी पाहिलं होतं, पण शेठच्या मुलाविरुद्ध तोंड कोण उघडणार? बाजाराचे पंच बसले. त्यांत इंदरमलही होता. अब्बांचं काम राहणार की जाणार, हे तिथे ठरायचं होतं.

मदनलाल उभा राहिला. “फकीरचाचानी आदत जुनी शे. ‘मी पानी मारं,’ असं त्यास्नीच आमले सांगेल शे. इचारा सगळास्ले.”

विचारलं. अब्बांकडे शिकलेले सगळे मान खाली घालून म्हणाले, हो, असंच सांगायचे. त्यांच्यातलं कुणी खोटं बोललं नाही, हाच तर घात झाला!

मी दाराशी उभी होते. घ्या ना नाव अब्बा, घ्या! माझा जीव नुसता तळमळत होता. अब्बांनी इंदरमलकडे पाहिलं आणि शिकवताना विचारायचे त्याच आवाजात विचारलं, “शेठ, आते तुमी सांगा. तुमी काय करतात?”

इंदरमलने पगडी सारखी केली. “फकीरले काढी टाका,” म्हणाला.

अब्बा पुढे घरी दोर वळत बसले. गोष्ट मात्र एकही सांगितली नाही, माझ्या मुलांनी हट्ट केला तरी नाही. म्हणून ही गोष्ट मी सांगते, आणि नावं घेऊन सांगते. पाणी इंदरमलने मारलं. नंतर मदनलालने मारलं. माझ्या बापाने कधी मारलं नाही.