रणगाड्याची काच
परवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या राळेचा वास आला आणि मला भद्रावतीच्या कॉलनीतलं आमचं क्वार्टर आठवलं. लग्नाला महिनाच झाला होता. नवरा तिथल्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात फिटर, बोलणं अगदी मोजकं. रिटायर होणाऱ्या साहेबांसाठी त्यांनी सागाच्या लाकडाचा वीतभर रणगाडा केला होता आणि त्या रविवारी खिडकीशी बसून पितळी तारेच्या कड्या, हूक, झाकणाची मूठ असं बारीकसारीक सोल्डरनं जोडून त्यावर बसवत होते. दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ, तार संपलेली, आणि शेवटचा तांदळाएवढा हूक चिमट्यातून उडाला. घामाघूम होऊन ते फरशी चाचपू लागले. मी मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन आले. "थांबा, हलू नोका. बांगडी फुटली का आमची आई असंच करते." फरशीवर गोळा दाबत गेले तसा हूक चिकटून वर आला, आणि त्याच्यासोबत माझ्या लग्नाच्या चुड्यातल्या, आठवड्यापूर्वी फुटलेल्या बांगडीचा हिरवा कण. तो मी फेकायला निघाले. "काऊन फेकून राह्यली? आण इकडे," म्हणत त्यांनी तो ड्रायव्हरच्या बघायच्या फटीत काच म्हणून बसवला. "आता आतल्या माणसाले सारं हिरवं दिसंल." महिनाभरात आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो. रणगाडा साहेबांबरोबर त्यांच्या गावी गेला. आज कुठल्याशा कपाटात त्यावरची धूळ पुसताना कुणाला ती साधी काच वाटत असेल, वाटू दे. ती माझी बांगडी आहे, हे ठाऊक असणारी आता मी एकटीच उरले.