लोडातली सरकी अन् गादीतलं कुटार

कापसाच्या मुलखात जन्मली, कापसाच्या घरात सून होऊन आली, अन् एक अख्खा हिवाळा मी तुरीच्या कुटारावर झोपली.

कुटार म्हंजे काय हे शहरातल्या लोकायले सांगा लागते. तूर झोडपली का खाली जो पाल्याचा अन् शेंगांचा भुगा उरते, ते कुटार. ते ढोरायचं खाणं, माणसाचं अंथरूण नाई. पण त्या साली वऱ्हाडात कोणती वस्तू कोणासाठी, हे कोणालेच समजून नव्हतं राहिलं!

झालं असं का, सात समुद्रापल्याड कोण्या मुलखात भाऊ-भाऊ भांडले म्हणे. तिथला कापूस अडला. मंग विलायतेच्या साहेबाले आमचा कापूस आठवला. (तोवर त्याले आमचा फक्त शेतसारा आठवे.) भाव असा चढला का अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्यायची रांग तुटेना. दलाल घरोघर फिरून राहिले. "बाई, नवा नसन तं जुना द्या! गादीतला द्या, उशीतला द्या, रजईतला द्या!" आमच्या बाळापुराकडच्या खेड्यात एका म्हाताऱ्यानं कानातला बोळा काढून तराजूत टाकला. बोळा निघाला तसं त्याले दलालाचं बोलणं साफ आयकू आलं, "काटा जरा दाबून धर रे." म्हाताऱ्यानं आपला बोळा उचलला, वापस कानात कोंबला अन् घरी निंगून गेला!

आमच्या घरच्या गाद्या उसवल्या आत्याबाईनं, म्हंजे माह्या सासूनं. कायले? तं माही नणंद चंद्री लग्नाची झालती, तिच्या हातात पाटल्या पाह्यजे होत्या. मामाजीले, म्हंजे माह्या सासऱ्याले, यातलं काहीच मालूम नव्हतं. ते आपले बाजेवर घोंगडं टाकून झोपत. गादी त्यायनं फक्त पाव्हण्यायसाठी ठेवलती, अन् तिची तारीफ कराले.

"आत्याबाई, गादी रिकामी दिसन नं वो," मी म्हटलं.

"मंग भर."

"कायनं?"

"मले कायले इचारतं? तुले हात नाईत काय?"

मंग मी रहीमचाचाले बोलावलं. तो पिंजारी. सारा जन्म लोकायच्या गाद्यायचा कापूस पिंजण्यात गेला, अन् त्या साली बिचाऱ्याले पिंजाले कापूस नाई. मी इचारलं, "चाचा, कापूस नाई, काय भरू?"

तो म्हणे, "भाभी, कुछ भी भरो. पूरे गाँव में वही भरा है."

मी पाव्हण्यायच्या अन् माह्या झोपाच्या गादीत कुटार भरलं. लोडात बी भरून पाह्यलं, पण टेकल्याबरोबर लोड चपटा होऊन जाये. मंग लोडात सरकी भरली. आमी घरीच चरकीवर कापूस वटत होतो, म्हंजे त्यातलं बी काढत होतो, तं सरकीचा ढीग कोपऱ्यात पडलाच होता. लोड टणक झाला, पण गोल झाला. चाचानं शिवून देल्ला. मी त्याले दाबून पाह्यलं अन् माह्या अकलेवर खुश झाली. (तेवढीच एक बारी.)

माघाचे दिवस होते. आमचे घरधनी कापसाची गाडी घेऊन अमरावतीले गेलते. अन् एका सकाळी, काही सांगणं नाई धाडणं नाई, दर्यापुराकडून चंद्रीले पाहाले पाव्हणे आले! पोराचा बाप अन् पोराची माय, बैलायच्या रेंगीत, म्हंजे हलक्या छकड्यात, बसून. आत्याबाईचा चेहरा चुन्यावानी पांढरा झाला. कारण चंद्रीची दोन स्थळं आधीच फिरलती. त्या साली लोकायले पैशाचा असा मद चढलता का पोरीचं तोंड मांगून पाहात, आधी घरची गादी दाबून पाहात. गादी मऊ तं घर भरलेलं, गादी कडक तं रामराम!

आत्याबाई माह्या कानात म्हणे, "थोडा वेळ बसतीन, पोरगी पाहातीन, जातीन. तेवढा वेळ गादी निभावून ने."

तिचं बोलणं पुरं झालं नाई तं अभाळ फाटलं. अवकाळी असं कोसळलं का आंगणात गुडघा गुडघा चिखल. रेंगीचं चाक फसलं. मामाजी हसत हसत म्हणे, "आता कुठं जाता? आज दिवसभर राहा. आमच्या गादीवर आराम करा!"

आत आत्याबाई मटकन खाली बसली.

आता घरात बसून दिवस कसा काढावा, हे आमाले कोणी शिकवा लागत नाई. मी शेगडी पेटवली. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडल्या. हरभरे भाजले. मामाजीनं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं चौसर आखला, पाशाच्या जागी कवड्या घेतल्या, सोंगट्या म्हणून भाजलेले हरभरे ठेवले. (जो हारे तो रागानं आपल्या सोंगट्या खाऊन टाके. मले घडीघडी नवे भाजा लागत.) बाहेर धो धो पाऊस, आत ऊब, शेंगायचा वास. त्या दिवशी आमच्या घरात सारं सुख होतं, फक्त बुडाखाली सोडून!

पोराचे बाप गादीवर जरा सरकले का आवाज ये, कुर्र!

"काय जी," ते म्हणे, "तुमची गादी बोलते काय?"

"नवा कापूस हाय!" मामाजी छाती फुगवून म्हणे. "नवा कापूस बोलते थोडा. तुमी हात घालून पाहा, कोपरापर्यंत मऊ लागन!"

दाराआड आत्याबाईनं माहा दंड असा धरला का वळ उठला. "घालतीन काय वो हात?"

"तुमी माहा सोडा आधी," मी म्हटलं.

हात काही त्यायनं घातला नाई. पण कुटारानं आपलं काम सुरू केलं. ज्यानं तूर झोडपली त्याले मालूम हाय, कुटार अंगाले लागलं का खाज कशी सुटते. पाव्हणे कवडी फेकत अन् पाठ खाजवत. कवडी फेकत अन् मांडी खाजवत. मंग कवडी फेकणं राहून जाये, अन् दोन्ही हातानं खाजवत.

"ढेकूण तं नाईत नं जी?"

"ढेकूण?" मामाजी लालबुंद. "आमच्या घरात? तुमी हारून राहिले म्हणून तुमाले चावून राहिलं!"

तेवढ्यात पोराची माय आत आमच्याजवळ येऊन बसली. बाई गोड होती, पण रिकामी बसणारी नव्हती. म्हणे, "इहीणबाई, बसल्या बसल्या देवाच्या वाती तरी वळतो. कापसाचा जरा पुंजका द्या."

कापसाचा पुंजका! कापूसवाल्याच्या घरी मागितला तरी काय, तं कापूस! अन् आमच्या घरात त्या दिवशी नखाएवढा कापूस नव्हता. सारा अमरावतीच्या वाटेवर होता.

आत्याबाई माह्याकडे पाहून मोठ्यानं म्हणे, "सूनबाई, आण वो. चांगला पाहून आण." (डोळे म्हणत होते, नाई आणला तं घरात घेणार नाई.)

मी आतल्या घरात गेली. डबे पाह्यले, गाडगी पाह्यली, चरकीचे दात खरडले. शेवटी देव्हाऱ्यापुढं उभी राहिली. निरांजनात तेलानं भिजलेल्या वाती होत्या. देवाले हात जोडले, वाती उचलल्या, पदरात दाबून तेल पिळलं, अन् एकेक वात उलगडून तिचा वापस कापूस केला! फुंकर मारली, फुगवला अन् नेऊन देल्ला.

बाईनं नाकाशी धरला. "या कापसाले तेलाचा वास काहून येऊन राहिला वो?"

"आमच्या वावरातला हाय जी," मी म्हटलं. "जमीन लय कसदार हाय."

बाई वाती वळाले बसली. तिनं बोट लावलं का वात आपली आपण गरकन वळे. बाई पाहातच राहिली. "मायबाई! या वाती तं मनानंच वळून राहिल्या!"

"सवय हाय त्यायले," माह्या तोंडातून निंगून गेलं. आत्याबाईले जोराचा खोकला आला.

चंद्री चुलीपाशी रडकुंडीले आलती. "वहिनी, हे बी गेले तं वो?"

"जातीन कशात? रेंगी चिखलात फसली हाय. तू शेंगा नेऊन दे."

चंद्री शेंगा घेऊन गेली. पोराचे बाप तिले नाव इचारून राहिले, अन् मी दारातून देवाचा धावा करून राहिली, का बाबा, एवढं निभू दे. अन् तेवढ्यात बाहेर कडकड आवाज झाला. गोठ्याचं छप्पर उडालं!

मामाजी धावले. आमची भुरी म्हैस पावसात थरथरून राहिलती. त्यायनं तिले आत आणलं अन् ओसरीच्या टोकाले, पाव्हण्यायच्या मांगच, खुंटीले बांधलं. वर ऐटीत सांगतेत, "आमची भुरी लय गरीब हाय. कोणाले तरास देत नाई."

मी दारातून पाह्यलं. म्हशीच्या पुढं कुटाराची गादी. गादीवर सरकीचा लोड. अन् लोडाले टेकून इवाई! (व्याही अजून झाले नव्हते, पण आमी तसंच म्हणत होतो.) सकाळपासून भुरीले कोणी चारा टाकला नव्हता.

भुरीनं नाक वर केलं. फुस्स केलं. पाव्हण्याच्या टोपीवर गरम वारा गेला. ते म्हणे, "शेगडी मांगं सरकवली काय जी? बरं वाटलं."

मंग भुरीनं मान लांब केली अन् लोडाचं टोक दातात धरलं.

पाव्हणे जरा मांगं गेले. त्यायनं लोड पुढं ओढला. भुरीनं मांगं ओढला. त्यायनं न पाहाता वापस पुढं ओढला. म्हणे, "लोड तुमचा जाग्यावर नाई राहात."

मामाजी कवड्यात गुंतलेले. "नवा कापूस हाय," ते म्हणे, "चालते थोडा."

मी तोंडात पदर कोंबून उभी. ओरडली तं लोडाकडे लक्ष जाईन, नाई ओरडली तं लोड जाईन! अन् मंग चर्रकन फाटला. सरकी अशी सांडली का चौसर बुडाला, हरभरे बुडाले, पाव्हणे उताणे झाले, अन् भुरी त्यायच्या डोक्याजवळ उभी राहून कराकरा जेवाले लागली.

मामाजी एकदा सरकीकडे पाहात, एकदा फाटल्या लोडाकडे. मंग त्यायनं हळूच गादीत बोट खुपसलं अन् कुटाराची चिमूट काढून डोळ्यापुढं धरली. चंद्री भिंतीले लागून उभी, ओठ दाताखाली. पोराची माय वात हातात धरून दारात आली. आता कोणीतरी बोला लागत होतं, अन् बोलली कोण? मी.

"सरकीले उंदीर लय लागतेत जी," मी म्हटलं. "म्हणून आमी म्हशीचं खाणं गादी-लोडात शिवून ठेवतो. आमच्या घरची रीत हाय."

"रीत?" मामाजी म्हणे.

"रीत!" आत्याबाई आतून गरजली.

पोराचे बाप उठले. टोपी झटकली. भुरीभोवती एक फेरी मारली. तिच्या पाठीवर हात फिरवला, शिंगं पाह्यली, कास पाह्यली. ते म्हणे, "ज्या म्हशीले लोडावर वाढतेत, ते दूध तरी कसं देते, पाहू."

आत्याबाईनं पदर खोचला, चरवी घेतली अन् तिथंच, पाव्हण्यायपुढं, धार काढली. चरवीवर फेस आला. पोराच्या बापानं गरम दूध तोंडाले लावलं अन् मिशा पुसल्या. चंद्रीचा जीव टांगलेला.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणे.

आत्याबाईनं हात जोडले.

"पण एक मागणं हाय जी. पोरीसंगं म्हैस पाठवा."

भुरी मामाजीनं पारडी होती तवापासून हातानं वाढवलती. "म्हैस? म्हैस तं..." अन् त्यायनं चंद्रीकडे पाह्यलं. पोरगी मान खाली घालून उभी होती, अन् डोळ्यातून टपटप पडून राहिलं होतं. मामाजीनं हातातली कुटाराची चिमूट भुरीच्या तोंडात घातली.

"घेऊन जा," ते म्हणे. "गरीब हाय. कोणाले तरास देत नाई." म्हशीचं बोलले का पोरीचं, मले आजवर समजलं नाई.

सांजेले पाऊस उघडला. रेंगी चिखलातून काढली. चढता चढता इवाई माह्याजवळ थांबले, एकदा मनसोक्त पाठ खाजवली अन् हळूच म्हणे, "सूनबाई, आमच्या घरी बी कुटारच हाय. पण आमी लोड भिताडाले लावून ठेवतो, म्हशीकडे नाई!"

लग्न झालं. पाटल्या झाल्या. चंद्री गेली, मांगं मांगं भुरी गेली. पुढं समुद्रापल्याडच्या भावायचं भांडण मिटलं, भाव धाडकन खाली आला, दलाल दिसेनासे झाले. लोक आजबी मले इचारतेत, "आजी, त्या तेजीत वऱ्हाडात सोनं वाहे म्हणतेत. तुमच्या घरी काय राह्यलं?"

काय राह्यलं सांगू? घरात जे जे म्हणून मऊ होतं, ते त्या साली गेलं. कापूस गेला, दूधदुभतं गेलं, चंद्रीसारखी पोरगी गेली. राह्यलो कोण? तं मी अन् माही सासू!